सोमवारची खूण

१५ जानेवारी, बुधवार

औषध कंपनीचा माणूस दर वर्षी दवाखान्यात दोन डायऱ्या देऊन जातो. एक डॉक्टर ठेवतात, एक मला देतात. आजवरच्या सगळ्या डायऱ्यांची पानं फाडून धाकटीने डब्यांखाली घातली. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचं लग्न झालं नाही, माझा नवरा राहिला नाही, म्हणून दोघी एका छपराखाली. काल म्हणाली, ताई, तू रोज दवाखान्याची भडास आणून माझ्या डोक्यावर ओततेस, ती त्या डायरीत ओत. बरं बाई, ओतते. चौथी पास आहे, तेवढ्याला पुरे.

दातांचा दवाखाना. एकोणीस वर्षं झाली मला तिथे. डॉक्टर एक आणि मी एक, तिसरं कोणी नाही. मी माणसाला खुर्चीत बसवते, गळ्याला कागद बांधते, थुंकी ओढायची नळी धरते, हत्यारं उकळते आणि लाईट धरते. डॉक्टर दातातली कीड कोरून काढतात आणि त्या खड्ड्यात मऊ मसाला भरतात, दाताच्याच रंगाचा. तो आपोआप वाळत नाही. पिस्तुलासारखं एक मशीन आहे, त्याच्या काचेच्या नळीतून निळा लाईट पडतो. तो वीस सेकंद धरला की मसाल्याचा दगड होतो. एक थर, वीस. त्यावर दुसरा थर, वीस. पूर्वी वेळ झाली की मशीन पिक-पिक करायचं, ते केव्हाच मुकं झालं. आता मी मोजते.

आज मास्तर आले होते. शाळेतून रिटायर झाले तरी चुका काढायची खोड जात नाही. दाढ भरून झाली, चूळ भरली आणि म्हणाले, "बाई, तुमचे वीस फार लवकर होतात हो. माझ्या वर्गात असता तर पुन्हा मोजायला लावलं असतं."

मी म्हटलं, तुमच्या वर्गात असते तर पळूनच गेले असते, म्हणून तर चौथीत थांबले. डॉक्टर मास्कच्या आत हसले. मला ते तोफ म्हणतात. आता लोकही तोफबाई म्हणतात. म्हणू देत.

२७ जानेवारी, सोमवार

सोमवारी सकाळी लाईटची चाचणी करायची, हा डॉक्टरांचा नियम. सरबत प्यायच्या नळीची चकती कापायची, तिच्यात मसाला दाबायचा, वरून वीस सेकंद लाईट द्यायचा. मग चकती उलटी करून खालच्या बाजूला टोचणीने ओरखडायची. ओरखडा उठला नाही म्हणजे लाईट पार तळापर्यंत पोचला. मग खुर्चीमागच्या वहीत तारखेसमोर बरोबरची खूण.

मी खूण केली. चकती नाही कापली. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी गुडघा सुजला होता तेव्हापासून कापलीच नाही. बटण दाबलं, निळा उजेड पडला, झालं. सूर्य उगवला की नाही हे कोणी चिमटा काढून बघतं का? सोमवारी बाकावर माणसं गाल धरून ताटकळत असतात आणि आत आम्ही चकत्या कापत बसायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिंपीण परत आली. कोपऱ्यावरच्या दुकानात बायकांचे कपडे शिवते ती. तिच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला होता. डॉक्टरांनी नोव्हेंबरात मसाल्याने बांधून दिला, इतका हुबेहूब की खरा कोणता ते तिलाच कळेना. डिसेंबरात तो पडला. पुन्हा बांधला. आज पुन्हा कागदाच्या पुडीत घेऊन आली.

मी तिला दारातच धरलं. दाताने दोरा तोडायचा नाही म्हणून बजावलं होतं ना? कात्री काय शोभेला ठेवलीय? ती बिचारी म्हणते, "आईशप्पथ मावशी, कात्रीनेच तोडते. केळं खाताना निघाला."

केळं खाताना. ऐकावं ते नवल.

डॉक्टरांनी तो तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ बघत होते. मग मला विचारलं, सोमवारची चाचणी होते ना? मी म्हटलं, हो. त्यांनी वही काढून चाळली. एकूणएक सोमवारी खुणा. वही जागेवर ठेवली आणि शिंपिणीला म्हणाले, माफ करा, माझ्याकडूनच काहीतरी राहिलं.

माफी कशाला मागतात कोण जाणे. डॉक्टर वाकला की लोक डोक्यावर बसतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मास्तरांची दाढ. जेमतेम महिना झाला भरून. मसाला एका बाजूने सुटून हलतोय आणि खाली कळ मारतेय. मास्तर एरवी दहा टोमणे मारतील, आज गाल धरून गप्प बसले होते. त्यांचं गप्प बसणं मला आवडलं नाही.

दिवाळं निघाल्यासारखे दात परत येताहेत. या महिन्यातला हा सहावा. मी मोजत नाही, डॉक्टर मोजतात. त्यांच्या कोटाच्या खिशात चिठ्ठी असते, तिच्यावर नावं. काल कोट इस्त्रीला काढला तेव्हा सापडली. परत घडी करून ठेवून दिली.

मास्तर गेल्यावर डॉक्टर हात धुवून तिथेच उभे राहिले, नळ तसाच चालू. म्हणाले, "अगं, आपण दोघं मिळून एकदा लाईट तपासूया का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एकोणीस वर्षांत माझ्या कामात काय खोट दिसली तुम्हाला? वहीतल्या खुणा काय भुताने केल्या? विश्वास नसेल तर दुसरी बाई बघा.

"तसं नाही गं," ते लगेच म्हणाले. "चुकलं माझं."

नळ बंद केला. उजवा हात पुसताना त्याच्याकडे असं बघत होते की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि चुकून यांच्याकडे राहिलाय.

घरी येऊन चहात बुडवून चार पाव खाल्ले. मला राग आला की भूक लागते. पण राग नक्की कोणाचा आला होता ते पाव संपले तरी कळलं नाही.

३ मार्च, सोमवार

खूण केली.

दुपारी कापूस शोधायला डॉक्टरांच्या टेबलाचा खण उघडला तर आत सुया. पंधरा-वीस असतील, सगळ्यांत बारीक नाकाच्या, आणि प्रत्येकीत दोरा ओवलेला. मी विचारलं, शिंपिणीच्या पोटावर पाय देताय की काय? डॉक्टर पोरासारखे लाजले. मग सांगितलं की रोज सकाळी ओवून बघतो, हात हलतो का ते.

मी म्हटलं, दाखवा. त्यांनी माझ्यासमोर एक ओवली. एका झटक्यात दोरा पार. हात तिळभर हलला नाही. मी तसं सांगितलं.

"आत्ता नाही हलला," ते म्हणाले. "तोंडात गेल्यावर हलत असणार. नाहीतर असं का होईल?"

सहासष्ट वर्षांचे आहेत. बायको जाऊन सात वर्षं झाली. मुलगी लांबच्या गावी. या माणसाला दात सोडून काही येत नाही. ना पत्ते, ना भजन, ना चार लोकांत बसून कुटाळक्या. रविवारी भेटले तरी समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या आधी दात बघतात.

१२ मार्च, बुधवार

शिंपिणीचा दात तिसऱ्यांदा पडला. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती हसली आणि तुकडा कापडावर. गिऱ्हाइकानेच उचलून दिला. ती भांडली असती तर मी पुरून उरले असते. ती भांडली नाही. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "डॉक्टर, वाईट वाटणार नसेल तर मी दुसरीकडे दाखवू का?"

डॉक्टरांनी हात जोडले. खरंच जोडले, दोन्ही. म्हणाले, जरूर जा, माझा हात गेला आता. पलीकडच्या रस्त्याला नवी डॉक्टरीण बसते, तिचा पत्ता स्वतःच लिहून दिला. शिवाय पत्त्याखाली रेघ ओढली, चुकू नये म्हणून.

बाकावर तिघं बसले होते, तिघांनी ऐकलं. संध्याकाळी वाण्याने मला विचारलं, काय हो, तुमच्या डॉक्टरांच्या हाताला काय झालं? मी म्हटलं, तुझी जीभ त्यांच्या हाताला लागली, तेवढंच झालंय. वाणी हसला. पण दुकानातल्या बाकीच्यांनी मान हलवली, आणि ती मान माझ्या बाजूने हलत नव्हती.

१७ मार्च, सोमवार

डॉक्टर आता दात भरणार नाहीत. दुखला तर गोळ्या, हलला तर उपटायचा, एवढंच. भरायचे सगळे नव्या डॉक्टरणीकडे पाठवायचे. मुलीशी फोनवर बोलणं झालंय. एक मेपासून दवाखानाच त्या नव्या डॉक्टरणीला द्यायचा आणि ते मुलीकडे जाणार.

मी विचारलं, तिथे काय करणार दिवसभर? ते म्हणाले, लोक विश्वासाने तोंड उघडतात आणि मी आत खोटं काम भरतोय.

मी खूप बोलले त्यांना. घाबरट म्हणाले, नाजूक म्हणाले, कोणाचे दात पडत नाहीत जगात म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं सगळं. शेवटी म्हणाले, "तू माझी बाजू घेतेस ते कळतं गं मला."

२४ मार्च, सोमवार

लिहायचं नाही म्हणत होते. लिहिते.

आज एकही माणूस नव्हता. डॉक्टर डोळे तपासायला गेले होते. हात झाला, आता डोळे. मी वही काढली, खूण केली, पेन ठेवलं. रिकामं बसवेना म्हणून नळीची चकती कापली. मनात काही नव्हतं. हाताला काम हवं होतं.

मसाला दाबला. लाईट धरून वीस मोजले. वरून टकटक वाजला. उलटी केली, टोचणी लावली, तर टोचणी आत गेली. साबणात जावी तशी.

दुसरी केली. तेच.

मग लाईटच्या नळीवरचं पातळ प्लास्टिक सोललं. ते मी प्रत्येकाला नवं चढवते, पण जुनं काढताना नळीचं तोंड बघत कोण बसतंय? बघितलं. काचेवर पिवळट खपली. मसाल्याचीच. घाईत मी नळी ओल्या मसाल्याला टेकवली असणार, प्लास्टिक फाटलं असणार, आणि जो मसाला चिकटला तो तिथेच लाईटने दगड झाला. एकावर एक, कधीपासूनचा कोण जाणे. अर्ध्याहून जास्त काच झाकलेली. तरी उजेड निळाच दिसत होता. दिसत होता, पोचत नव्हता. दाताला वरून कवच यायचं आणि आत ओलं राहायचं. चार आठवडे चावलं की निघालं.

मी ब्लेड घेतलं आणि खपली खरवडून काढली. घाण दिसली की हात आपोआप चालतो माझा. स्पिरिटने काच लख्ख केली. कचरा डब्यात आणि डबा बाहेर उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाडीत रिकामा केला. तिसरी चकती केली, माझे वीस मोजले. खालून किंचित मऊ. चौथी केली, या वेळी भिंतीवरच्या घड्याळात बघून. काट्याचे वीस झाले तेव्हा माझ्या तोंडात एकतीस होते.

चौथी चकती दगड.

त्यांचा हात कुठेही गेलेला नाही.

२५ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम निघाले. असं म्हणाले की जणू वाईट बातमी. डोळ्यांवर ढकलता आलं असतं तर सुटले असते.

मी लादी पुसत होते. पुसलेलीच परत पुसली.

२७ मार्च, गुरुवार

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळलंय? तू तोंड उघडलंस तर मात्र या वयात तुला दाराशी कोणी उभं करणार नाही."

कामाची भीती नाही मला. चार घरची भांडी घासेन. मला भीती आहे ती त्यांच्या न बोलण्याची. शिव्या दिल्या असत्या तर आज संध्याकाळीच सांगून मोकळी झाले असते.

मला एक सुचलंय. लाईट आता चांगला आहे. मी घड्याळ बघून मोजेन. त्यांनी पाच-सात दात भरावेत, ते टिकतील, आणि त्यांचं त्यांनाच वाटेल की हात परत आला. मग सांगायचं कारणच काय? महिना आहे हातात.

४ एप्रिल, शुक्रवार

आमच्या दूधवाल्याच्या दाढेला भोक आहे. त्याला धरून नेलं. नव्या डॉक्टरणीकडे जायचं नाही, इथेच भरून घ्यायचं, असा दम देऊन खुर्चीत बसवला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, एवढा एक करा, तो दुसरीकडे जात नाही म्हणतोय. दूधवाल्याने घाबरून मान डोलावली.

त्यांनी हातमोजे चढवले. आरसा तोंडात घातला आणि तो दाताला लागून कटकट वाजायला लागला. बारीक आवाज, पण सगळी खोली ऐकत होती. हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरात नाही, फेब्रुवारीत नाही, सुया ओवताना नाही. भीतीने हलायला लागला होता हात. भीती मी घातली होती.

आरसा खाली ठेवून ते दूधवाल्याला सॉरी म्हणाले. पत्ता लिहून दिला, खाली रेघ.

बाहेर येऊन मला म्हणाले, अशी आशा लावत जाऊ नकोस गं मला. त्रास होतो.

२२ एप्रिल, मंगळवार

आज सांगायचं म्हणून तीनदा त्यांच्या टेबलापाशी गेले. पहिल्यांदा तोंडातून निघालं, चहा घेणार? दुसऱ्यांदा, बिस्किटं संपलीत. तिसऱ्यांदा काहीच निघालं नाही, तर तेच म्हणाले, चहा नको, आत्ताच झाला.

तोफ म्हणतात मला.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस. नवी डॉक्टरीण आली होती, तिशीतली, नीटनेटकी. डॉक्टरांनी तिला एकेक कपाट दाखवलं. तिच्याकडे स्वतःचा नवा लाईट आहे, म्हणून जुना त्यांनी घरी न्यायला पिशवीत घातला. मग सोमवारची वही तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, या बाईंनी इतक्या वर्षांत एक सोमवार चुकवला नाही. बघा, एक खूण गाळलेली नाही. तुम्हाला असं माणूस मिळणार नाही, यांना ठेवून घ्या.

ती माझ्याकडे बघून गोड हसली. वही चाळत होती. मी हत्यारांच्या डब्याचं झाकण लावत होते, ते लागेना.

किल्ली दिली त्यांनी. पायरी उतरताना उजवा हात खिशात होता.

६ मे, मंगळवार

गेले त्यांच्या घरी. चपला काढायच्या आतच बोलायला सुरुवात केली, नाहीतर परत चहा निघाला असता. सगळं सांगितलं. गुडघा सुजला तेव्हापासूनचं. न कापलेल्या चकत्या, केलेल्या खुणा, खपली, माझे वीस. म्हटलं, तुमचा हात चांगला होता, दात मी बिघडवले. आता काय शिक्षा द्यायची ती द्या.

ते उभ्यानेच ऐकत होते. मग आत गेले आणि पिशवीतून लाईट आणला, मसाल्याची उरलेली नळी आणली. चकती कापली, मसाला दाबला, लाईट दिला. वीस नीट मोजले, सावकाश. उलटी करून टोचणी ओढली आणि माझ्यापुढे धरली.

"बघ. दगड आहे."

मी म्हटलं, आता असणारच, मी खरवडली ना.

"खपली कुठे आहे?"

"कचऱ्याच्या गाडीत गेली."

ते हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा. म्हणाले, "तोफ, तुला खोटं बोलता येत नाही गं. एकोणीस वर्षांत एक गोड शब्द बोलली नाहीस, आणि आज निघालीस माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घ्यायला."

मी ओरडले. मेलेल्या नवऱ्याची शपथ घेतली. ते म्हणाले, गेलेल्या माणसाची शपथ घेऊ नये, आणि मला बसायला खुर्ची दिली. मी विचारलं, मग लाईट तपासूया म्हणालात तेव्हा मी अंगावर का आले? मनात चोर होता म्हणूनच ना?

"नाही," ते म्हणाले. "प्रामाणिक होतीस म्हणून. लबाड माणूस लगेच हो म्हणाला असता, चला तपासू म्हणाला असता. त्याच दिवशी मला कळलं की दोष लाईटचा नाही."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला रडूच फुटलं. रुमाल दिला मला. इस्त्री केलेला, मीच केलेली.

९ मे, शुक्रवार

त्यांना पटत नाही तर लोकांना पटवावं, लोक त्यांना सांगतील, असं डोक्यात घेऊन निघाले.

शिंपिणीचा नवा दात घट्ट आहे, नव्या डॉक्टरणीने केलेला. माझं सगळं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मावशी, किती जीव लावता हो डॉक्टरांना. माझा राग नाही त्यांच्यावर, सांगा त्यांना. वय झालं की होतंच."

मास्तरांकडे मोठ्या आशेने गेले. माझे वीस लवकर होतात हे त्यांनीच तर पकडलं होतं. मास्तर म्हणाले, बाई, मी थट्टा केली, तेवढा धागा पकडून तुम्ही अख्खी गोष्ट विणलीत. गोष्ट चांगली आहे. शाळेत असतो तर दहापैकी नऊ दिले असते.

मी त्यांना लबाड म्हणाले, आंधळे म्हणाले. ते हात जोडून दारापर्यंत सोडायला आले. सगळे माझ्याशी फार चांगलं वागताहेत. रस्त्यात वाणीसुद्धा उठून उभा राहिला.

नव्या डॉक्टरणीला निरोप पाठवला की मी कामावर येणार नाही.

२४ मे, शनिवार

उद्या मुलगी येऊन त्यांना घेऊन जाणार. घर आवरायला मी गेले होते. कपड्यांच्या दोन बॅगा भरल्या, भांडी पेपरात गुंडाळली. हत्यारांची छोटी पेटी मी बॅगेत घातली, त्यांनी काढून ठेवली. मी परत घातली, त्यांनी परत काढली.

सगळं झाल्यावर मी म्हटलं, माझी डावीकडची दाढ ठणकतेय, जाता जाता बघा. ठणकत वगैरे नव्हती. त्यांच्यापुढे तोंड उघडून बसायचं, एवढंच सुचलं. बोलून तर झालं होतं सगळं. ते म्हणाले, नव्या डॉक्टरणीला दाखव. मी खुर्ची खिडकीशी ओढली, बसले आणि आ वासला.

त्यांनी चष्मा चढवला, पेटी उघडून आरसा काढला. माझ्या हनुवटीला बोटं लावली आणि बोटं थरथरत होती. आता खरीच थरथरत होती. आरसा दातांवर वाजत होता, मी ओठाने धरून ठेवायला बघत होते, वाजू नये म्हणून.

म्हणाले, किडलेलं काही नाही गं. एक जुनं फिलिंग आहे मागच्या दाढेत, पण ते तर...

आणि थांबले. आरसा फिरवला. माझी मान उजेडाकडे वळवली. आता आरसा वाजत नव्हता. बघताना त्यांचं स्वतःचं तोंड किंचित उघडतं, काम मनासारखं झालं की उघडतं, ते मी एकोणीस वर्षं खुर्चीशेजारी उभं राहून बघत आले.

"कडा बघ कशी बसलीय," ते म्हणाले. मला कशी दिसणार, पण म्हणाले. "दात कुठे संपतो आणि मसाला कुठे सुरू होतो ते कळत नाही. एवढ्या वर्षांत केसाएवढी फट नाही. हे कोणी केलं गं?"

आरसा तोंडात होता. मी बोट त्यांच्या छातीला लावलं.

त्यांना आठवेना. मला आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी, दुपारी, माणसं गेल्यावर. त्यांनीच कोरलं, त्यांनीच भरलं, आणि लाईटही त्यांनीच धरला, कारण माझं तोंड उघडं होतं आणि दुसरं कोणी नव्हतं. थर टाकायचा, लाईट धरायचा, घड्याळाकडे बघायचं. माझ्या तोंडात नळी होती, म्हणून किती वेळ लावताहेत असे मी नुसते हातवारे करत होते. हे सांगायला मी तोंडातून आरसा काढला आणि सांगितलं. लाईट तुम्ही धरलात म्हणून टिकलं, एवढंच सांगितलं, न ओरडता.

ते हातातल्या आरशाकडे बघत होते.

"असेल," म्हणाले. "तेव्हा माझा हात चांगला होता."

आरसा पुसून पेटीत ठेवला, पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि आतल्या खोलीत गेले. पलंग करकरला. ते आत गेल्यावर मी का परत आ वासला ते माहीत नाही. ते येतील, पुन्हा एकदा बघतील, असं वाटलं असेल. खिडकीशी तशीच बसून राहिले. जबडा दुखायला लागला तेव्हा मिटला.